मुंबईच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला रोज किती फिरवायचं आणि कसं

कुत्रा घरी आला की आठवडाभरात प्रश्न पडतोच, याला रोज किती फिरवायचं. ब्रीडर म्हणतो अर्धा तास बास, समोरच्या बिल्डिंगमधले काका म्हणतात लॅब्रेडॉर आहे ना मग दोन तास पळवा, नेटवर जातीप्रमाणे मिनिटांच्या याद्या मिळतात पण त्या बहुतेक थंड देशांतल्या असतात, आणि मग माणूस मधलं काहीतरी धरून चालायला लागतो. माझं आता ठाम मत झालंय की मिनिटांचा आकडा फक्त सुरुवातीला लागतो, खरं माप तुमच्या कुत्र्याच्या अंगावर आणि वागण्यात दिसतं, आणि मुंबईत तर ते हवा बघून रोज थोडं बदलावं लागतं. आमच्याकडे दोन आहेत, ब्रूनो म्हणजे वयस्कर लॅब आणि चिंगी म्हणजे रस्त्यावरून आणलेली इंडी, आपली देशी कुत्री, एकाच घरात राहून दोघांचं गणित पूर्ण वेगळं आहे. तर हे सगळं एकेक करून कसं बसवायचं ते लिहिते.

पायरी १: आधी हात लावून बघा

कुत्र्याला उभं करा आणि छातीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून हलकेच फिरवा. बरगड्या न दाबता हाताला लागल्या पाहिजेत, पण लांबून मोजता येतील इतक्या दिसायला नकोत. अंदाज नसेल तर स्वतःचाच हात घ्या. मूठ वळून वरच्या हाडांवरून बोट फिरवा, बरगड्या तशा टोचत असतील तर कुत्रा बारीक आहे, हात सरळ पालथा ठेवून बोटांवरून फिरवल्यावर जसं लागतं तसं लागलं तर छान, आणि तळहातासारखं मऊ लागलं, बरगडी सापडतच नाही, तर वजन वाढलंय. वरून बघितलं तर कंबर दिसायला हवी, बाजूने बघितलं तर छातीच्या मागे पोट वर चढत गेलेलं दिसायला हवं. व्हेट हेच बघून १ ते ९ असे आकडे देतात, त्यात ४ किंवा ५ म्हणजे उत्तम.

हे आधी का, तर जाड कुत्र्याला एकदम तासभर चालवलं की सांधे दुखतात, धाप लागते, आणि दुसऱ्या दिवशी तो दारातच बसकण मारतो. आणि दुसरं म्हणजे नुसतं चालवून वजन उतरत नाही हो, ताटातलं कमी करावंच लागतं. लॅबवाल्यांनी हे नीट समजून घ्या, साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो आणि त्यामुळे त्याला भूक जास्त लागते, तो केविलवाणं बघतोय म्हणजे उपाशी आहे असा अर्थ नसतो. वाटी ठरवा, मोजून द्या, आणि वॉचमनकाका, इस्त्रीवाला, खालच्या मजल्यावरची पोरं हे सगळे मिळून दिवसाला किती पार्लेजी भरवतात ते पण मोजा. बिस्किटं प्रेमाने देतात म्हणून नाही म्हणवत नाही, मग त्यांच्याकडे कुत्र्याचेच चार दाणे देऊन ठेवा, हेच भरवा म्हणून सांगा, ते आनंदाने ऐकतात.

याच वेळी व्हेटकडे एकदा हृदय, सांधे आणि रक्त तपासून घ्या. मुंबईत गोचीड बारा महिने असतात आणि गोचीड ताप फार कॉमन आहे, त्यात कुत्रा सुस्त होतो, खात नाही, हिरड्या पांढरट पडतात, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय, जरा जास्त फिरवूया. अचानक सुस्त झालेल्या कुत्र्याला आधी डॉक्टर, मग वॉक.

पायरी २: सुरुवातीचा आकडा धरा

पिल्लू असेल तर लसी पूर्ण होईपर्यंत खाली रस्त्यावर उतरवायचंच नाही. लसी साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आसपास येतो, त्यानंतर किती दिवसांनी खाली न्यायचं ते व्हेट सांगतील. पार्वोचा विषाणू मातीत, रस्त्यावर महिनोन्महिने टिकतो आणि पिल्लं त्यात खरंच जातात. पण म्हणून घरात कोंडून पण ठेवू नका, कडेवर घेऊन खाली न्या, रिक्षाचा आवाज, भाजीवाल्याची हाक, कुकरच्या शिट्ट्या, शाळेतून सुटलेली पोरं, हे सगळं या वयात बघितलेलं ऐकलेलं असलं की मोठेपणी घाबरत नाही.

लसी झाल्यावर वयाच्या प्रत्येक महिन्यामागे ५ मिनिटं, दिवसातून दोनदा, असा एक ठोकताळा लोक वापरतात, म्हणजे ४ महिन्यांचं पिल्लू २० मिनिटं. ही काही शास्त्राने सिद्ध केलेली रेघ नाहीये, पण पट्ट्याला बांधून आपण चालवतो त्या चालण्याला ही मर्यादा बरी, कारण हाडांच्या टोकांची वाढ अजून चालू असते, लहान जातींची वर्षाच्या आत थांबते आणि लॅब, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्यांची साधारण दीड वर्षापर्यंत चालते. तो स्वतःहून घरात धावला, दमला, झोपला, त्याला काही मिनिटं मोजायची नाहीत. फक्त जिने उतरवणं, सोफ्यावरून उड्या मारायला लावणं आणि सायकलमागे पळवणं या वयात नको.

मोठ्या निरोगी कुत्र्यासाठी दिवसभराची बेरीज अशी धरा: लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांना दीड ते दोन तास, बीगलला तासभर तरी आणि वास घ्यायला भरपूर, इंडीला तास ते दीड तास, शिह त्झू, पॉमेरेनियन यांना ३०-४० मिनिटं, पगला पण तेवढंच पण तुकड्या तुकड्यात. बेरीज म्हणजे सकाळ, संध्याकाळ, रात्र आणि घरातला खेळ धरून. एका दमात दोन तास चालवायचं नाहीये.

पगबद्दल थोडं जास्त लिहिते कारण २००३ मधल्या हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर मुंबईत घराघरात पग आले आणि ती जाहिरात बघून सगळ्यांना वाटलं हा कुत्रा मुलाच्या मागे मागे कुठेही चालतो. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर यांचं नाक चपटं, आत हवेची वाट अरुंद, आणि कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकूनच. वाटच अरुंद असेल तर तो थंड होणार कसा. चालताना घुरघुर आवाज येतो तो गोड वाटतो पण तो श्वासाचा त्रास आहे. पगला १०-१५ मिनिटांच्या छोट्या चकरा, गळ्यात पट्टा अजिबात नको, छातीवरचा हार्नेस, आणि मे किंवा ऑक्टोबरमध्ये उन्हात तर शी-शू करून लगेच वर.

हस्की आणि सेंट बर्नार्डबद्दल मी स्पष्टच सांगते, मुंबईत आणू नका. हस्कीला रोज दोन तास पळायचं असतं आणि आपल्या हवेत त्याला ते झेपत नाही, म्हणजे त्याला मिळतं काय तर एसीतली चार भिंतींची खोली. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी पहाटे आणि रात्री उशिरा बाहेर, आणि बाकी सगळा व्यायाम एसीत डोक्याचा, तो पुढे पायरी ६ मध्ये आहे.

पायरी ३: घड्याळापेक्षा घाम बघा

कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, पंज्यांना थोडा येतो तेवढाच. जिभेवरचं आणि नाकातोंडातलं पाणी उडून जातं त्याने तो थंड होतो. मुंबईची हवा दमट, तिच्यात आधीच पाणी भरलेलं, त्यामुळे धापा टाकून पण पाणी पुरेसं उडत नाही. म्हणून नाशिकच्या किंवा पुण्याच्या कोरड्या ३४ डिग्रीपेक्षा मुंबईतली चिकट ३२ डिग्री कुत्र्याला जास्त जड जाते. सोपी खूण अशी की तुम्ही बिल्डिंगच्या गेटपर्यंत जाईपर्यंत पाठीला शर्ट चिकटला तर त्या दिवशी वॉक अर्धा करा, मग घड्याळात सहा वाजले असले तरी.

दुसरं म्हणजे जमीन. सिमेंटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉक दिवसभर तापतात आणि सूर्य मावळला तरी दीड-दोन तास गरमच असतात, आपण चपलेत असतो म्हणून कळत नाही. पालथा हात रस्त्यावर ७ सेकंद ठेवा, ठेववत नसेल तर त्याचे पंजे पण ठेवू नका. मार्च ते मे आणि ऑक्टोबर हीट या दिवसांत माझ्या मते सकाळी सातच्या आत परत यायचं आणि संध्याकाळी आठनंतरच निघायचं, दुपारी फक्त पाच मिनिटं सावलीत सू करायला. डिसेंबर-जानेवारीत मात्र मनसोक्त फिरवा, वर्षभरातली तीच काय ती कुत्र्याची हवा.

पण पहाटेचा सल्ला सगळीकडे चालत नाही. आरे, फिल्मसिटीच्या कडेची वस्ती, मुलुंडचा डोंगराकडचा भाग, ठाण्याचं येऊर, इथे बिबटे फिरतात आणि इथल्या बिबट्याच्या खाण्यात कुत्री बरीच असतात. तिथे राहणाऱ्यांनी उजाडल्यावरच खाली उतरायचं, अंधारात नाही, रस्त्याच्या मध्यावरून चालायचं, झाडीच्या कडेने नाही, आणि कुत्र्याला कधीही मोकळं सोडायचं नाही. नॅशनल पार्कात तर पाळीव कुत्रा नेताच येत नाही, त्यामुळे तो बेत काढूच नका.

जेवणाचं पण घड्याळ पाळा. पोटभर खाऊन लगेच पळवलं तर मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन हे त्यातले. पोट टम्म फुगलंय, ओकारी येतेय पण काही पडत नाही, कुत्रा अस्वस्थ फेऱ्या मारतोय, असं दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला निघायचं, यात कुत्रा काही तासांत जातो. आधी फिरवा, अर्धा तास शांत होऊ द्या, मग खायला द्या हा क्रम सगळ्यात सोपा.

पायरी ४: जागा निवडा

दादर-माटुंग्याला राहणाऱ्यांना फाइव्ह गार्डनकडची झाडं हे मोठं सुख आहे, सावली आणि ट्रॅफिक कमी. शिवाजी पार्कला कट्ट्याच्या बाहेरून चक्कर मारता येते पण सकाळी वॉकवाल्यांची गर्दी असते, लाजऱ्या कुत्र्याला आतली गल्ली बरी. वरळी सीफेस, कार्टर रोड, मरीन ड्राइव्ह इथे वारा मस्त पण सावली नाही, त्यामुळे दिवसा नको, रात्री छान.

जुहू, वर्सोवा, अक्सा इथे वाळूवर नेताना ओहोटीची वेळ बघा, ओली घट्ट वाळू चालायला चांगली, वरची भुसभुशीत वाळू पायांना खूप मेहनत करायला लावते, जाड किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला दहा मिनिटं पण पुष्कळ होतात. घरून पाण्याची बाटली न्याच, नाहीतर तो समुद्राचं पाणी पितो आणि रात्रभर उलट्या-जुलाब. पावसाळ्यात किनाऱ्यावर ब्लू बॉटल येतात, निळ्या फुग्यासारख्या दिसतात, मेलेल्या असल्या तरी डंख बसतो आणि कुत्रा नाक लावतोच, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये चौपाटी बंद. घरी आलं की पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवायचं.

यातलं काहीच जवळ नसेल, आणि बहुतेकांना नसतंच, तर तुमची रोजची गल्लीच पुरते, पण रोज तोच रस्ता नको. आज डावीकडून, उद्या मार्केटच्या मागून, परवा स्टेशनच्या दिशेने. कुत्र्याला नवे वास मिळाले की तेवढ्याच वेळात तो जास्त समाधानी होऊन परत येतो. पिशवी किंवा पेपर खिशात असू द्या, शी उचलायचीच, पालिकेचा दंड आहे म्हणून पण आणि त्याच फुटपाथवरून आपली आजी पण चालते म्हणून पण. आणि लिफ्टवरून सोसायटीत कोणी वाद घालत असेल तर माहीत असू द्या, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी घालता येत नाही. पण लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीने जा, त्याने आपलं काही बिघडत नाही.

पायरी ५: चालवणं कमी, हुंगू देणं जास्त

मुंबईत वॉक म्हणजे काय असतं, तर माणूस फोनवर, कुत्रा खांबाजवळ थांबला की पट्टा खेचून चल चल चल. खरंतर त्या खांबावर त्याला सगळ्या गल्लीची खबर मिळत असते, कोण आलं होतं, कोण आजारी आहे, कोण नवीन आहे. वास घेण्यात त्याचं डोकं जोरात काम करतं आणि डोकं दमलं की कुत्रा जसा शांत झोपतो तसा नुसता पळवून झोपत नाही. उलट रोज फक्त पळवलं, बॉल फेकत राहिलं, तर कुत्रा आणखी तगडा होतो, त्याला अजून लागतं, आणि तुम्ही म्हणता हा दमतच नाही.

म्हणून ४० मिनिटांचा वॉक असा करा. पहिली १० मिनिटं शी-शू आणि हळू चाल, स्नायू गरम होऊ द्या. मधली १५ मिनिटं जरा झपाझप, तो दुडकत चालेल इतक्या वेगाने, तोंड किंचित उघडं, श्वास जलद पण एका लयीत. नंतर १० मिनिटं पट्टा सैल सोडून त्याला हवं तिथे हुंगू द्या, तुम्ही मागे चाला. शेवटची पाच मिनिटं परत हळू, म्हणजे घरात शिरताना धाप नसते.

पट्टा पाच-सहा फुटांचा साधा घ्या, बटण दाबून लांब होणारा पट्टा मुंबईच्या रस्त्यावर धोक्याचा, रिक्षा वळते तेव्हा कुत्रा दहा फूट पुढे असतो. हार्नेस छातीवर वाय आकाराचा, खांद्यांची हालचाल न अडवणारा, त्याखाली दोन बोटं शिरली पाहिजेत. लोखंडी साखळी नको. रात्री फिरवत असाल तर चमकणारी पट्टी लावा, काळा लॅब आपल्या अर्धवट उजेडाच्या गल्लीत बाइकवाल्याला दिसत नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच असतो. त्यांचा तो इलाका आहे आणि ती तो सांभाळतात, त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांना खायला घालणाऱ्या ताई-दादांशी ओळख करून घ्या, कोणता कुत्रा तापट आहे, कोणतीला पिल्लं झालीयेत हे त्यांना माहीत असतं. समोरून टोळी आली तर पळू नका, ओरडू नका, पट्टा ताणू नका कारण ताण आपल्या कुत्र्याला कळतो, शांतपणे वळून रस्ता ओलांडा किंवा पार्क केलेल्या गाडीच्या आडोशाने जा. लहान कुत्र्याला झटकन उचललं की बाकीचे उडी मारतात, त्यामुळे आधीच वळणं चांगलं. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर हवीच हवी.

पायरी ६: पावसाचे चार महिने

जून ते सप्टेंबर हा मुंबईच्या कुत्र्यांचा खरा अवघड काळ, आणि बहुतेकांचं वजन याच काळात वाढतं. साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा आजार पसरतो, २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये त्याची मोठी साथ आली होती, आणि कुत्र्यांना पण तो होतो, लिव्हर आणि किडनीवर जातो. लेप्टोची लस दरवर्षी मेमध्येच घेऊन टाका. लाइटच्या खांबांपासून आणि उघड्या वायरच्या डीपीपासून लांब राहा, पावसात करंट उतरतो आणि कुत्रा अनवाणी असतो. परत आल्यावर बोटांच्या मधली जागा कोरडी करा, तिथेच बुरशी होते आणि तिथेच गोचीड लपतात.

पाऊस थांबतच नसेल तर घरात करायचं. पण आधी फरशी बघा, आपल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर कुत्रा घसरतो, बॉलमागे धावून गचकन थांबतो आणि गुडघ्याचा लिगामेंट जातो, ऑपरेशनचा खर्च आणि त्याचं दुखणं दोन्ही मोठं. जुने योगा मॅट किंवा सतरंजी पसरा, पंज्यांमधले केस आणि नखं कापून घ्या, आणि मग खेळा.

त्याच्या दिवसाच्या खाण्यातलं अर्धं बाजूला काढा. जुन्या चादरीत दाणे टाकून गुंडाळी करा, नाकाने उलगडू द्या. सोप्या जागी सुरुवात करून घरभर दाणे लपवा, दाराच्या मागे, टेबलाच्या पायाशी, चपलांच्या रॅकजवळ, आणि शोध म्हणा. पाच मिनिटं बस, थांब, ये, यांचा सराव, दिवसातून तीनदा. रस्सीखेच चालते, मध्येच सोड म्हटलं की सोडायला शिकवा. आमच्या चिंगीला पंधरा मिनिटं असं शोधायला लावलं की ती तासभर गाढ झोपते, मुसळधार पावसात आम्ही हेच करतो. तंदुरुस्त मोठ्या कुत्र्याला पट्ट्याने हळूहळू दोन-तीन मजले जिने चढवता येतात, पण पिल्लू, म्हातारा, डॅशहुंड आणि जाड कुत्रा यांना जिने नको, डॅशहुंडच्या लांब पाठीची चकती सरकते आणि मागचे पाय जाऊ शकतात.

पायरी ७: दोन आठवडे बघा, मग आकडा बदला

आता खरं माप. जो आकडा धरलाय तो दोन आठवडे तसाच ठेवा आणि फोनच्या नोट्समध्ये रोज एक ओळ लिहा: परत आल्यावर धाप किती वेळात थांबली, रात्री झोपला का, सकाळी उठताना पाय आखडले होते का, दिवसा घरात काय केलं.

धाप १०-१५ मिनिटांत शांत होतेय, पाणी पिऊन आडवा होतोय, सकाळी शेपूट हलवत दारात उभा आहे, तर बरोबर चाललंय. चपला-कुशन फाडतोय, प्रत्येक लिफ्टच्या आवाजाला भुंकतोय, संध्याकाळी घरभर वेड्यासारखा धावतोय, शेपटीचा किंवा पंजाचा चावा घेत बसतोय, तर बहुतेक कमी पडतंय, आणि तेव्हा आधी हुंगायचा वेळ वाढवा, मग अंतर, आठवड्याला पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. आणि अर्ध्या वाटेत मागे रेंगाळतोय, सावलीत बसकण मारतोय, दुसऱ्या दिवशी जिना चढायला कुरकुरतोय, लंगडतोय, पंजे लाल झालेत, तर जास्त होतंय. कुत्रा बसला म्हणजे हट्ट करतोय असं समजून खेचू नका, तो सांगतोय ते ऐका.

आठवडाभर दहा मिनिटं आणि रविवारी थेट लोहगड, हे कृपा करून करू नका. कुत्रा तुमच्यासाठी चढेल, थांबणार नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे. ट्रेकला न्यायचंच असेल तर दोन-तीन महिने रोजची चाल वाढवत न्या आणि थंडीतच जा.

म्हाताऱ्यांचं गणित उलटं चालतं. मोठ्या जाती साधारण आठव्या वर्षी, लहान जाती दहाव्या वर्षाच्या पुढे वयस्कर धराव्यात. त्यांचा व्यायाम बंद करायचा नाही, बंद केला की मागच्या पायांचे स्नायू झपाट्याने वितळतात आणि मग उठवतच नाही. ब्रूनोला आम्ही आता एका मोठ्या वॉकऐवजी दिवसातून चार वेळा छोटं नेतो, सपाट रस्ता, त्याच्या वेगाने, आणि थंडीत सकाळी जास्त आखडतो तेव्हा उठल्यावर आधी घरातच दोन फेऱ्या.

नोकरी करणाऱ्या घरासाठी एक नमुना देते. कांदिवलीत राहणारं जोडपं, दोघं ८:१० ची लोकल पकडणारे, घरी तीन वर्षांचा लॅब. सकाळी पावणेसहा ते साडेसहा मुख्य वॉक, सातला जेवण अर्धं नुसतं आणि अर्धं चादरीत गुंडाळून. दुपारी एकला आजी किंवा वॉकर दहा मिनिटं खाली नेणार. रात्री साडेआठ ते सव्वानऊ दुसरा वॉक, त्यात निम्मा वेळ हुंगायचा, मग जेवण, आणि झोपायच्या आधी पाच मिनिटं खाली. याने त्या लॅबचं भागतं, शनिवार-रविवारी अर्धा तास जास्त.

पायरी ८: वॉकर ठेवलात तर

मुंबईत वॉकर ठेवणं अगदी साधी गोष्ट आहे आणि खूप वॉकर मनापासून काम करतात. पहिला आठवडा त्याच्याबरोबर स्वतः जा. एका वेळी किती कुत्री नेतो ते विचारा, चार-पाच एकत्र असतील तर तुमच्या पगला शेफर्डच्या वेगाने चालावं लागतं. गेटच्या ग्रिलला बांधून गप्पा मारत बसतो का ते वॉचमनला प्रेमाने विचारा. मे महिन्यात त्याने दुपारी चार वाजता यायचं म्हटलं तर नाही म्हणा, पैसे तेच द्या पण वेळ बदला. आणि त्याला पण हेच सगळं समजावून सांगा, धाप, पंजे, बसकण, कारण दिवसातले महत्त्वाचे तास कुत्रा त्याच्याबरोबर असतो.

पायरी ९: उन्हाचा झटका आला तर

कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०४ च्या वर गेलं की धोका आणि १०६ ला आतले अवयव निकामी व्हायला लागतात. खुणा अशा: धाप थांबतच नाही आणि आवाज बदलतो, जीभ रुंद होऊन लटकते, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल लडखडते, उलटी, मग कोसळतो.

सावलीत घ्या आणि आधी थंड करा, मग न्या. नळाचं साधं पाणी भसाभस सगळ्या अंगावर ओता, पोटाला, मांड्यांच्या आत, पंज्यांना, आणि वारा घाला, पुठ्ठा, पेपर, पंखा काहीही. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. शुद्धीत असेल आणि स्वतः पीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. मग ओला असतानाच एसी लावलेल्या गाडीतून व्हेटकडे, वाटेत काचेजवळ वारा लागू द्या. तो उठून बसला, शेपूट हलवली, तरी न्यायचंच, कारण किडनीचा आणि रक्त गोठण्याचा त्रास एक-दोन दिवसांनी पण दिसतो.

परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे, पण बोरिवलीहून तापलेला कुत्रा घेऊन परळला पोचेपर्यंत फार उशीर होतो. त्यामुळे आजच तुमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल असा व्हेट शोधा, तो रात्री आणि रविवारी फोन उचलतो का हे करून बघा, आणि तो नंबर तुमच्या, आजीच्या, वॉचमनच्या आणि वॉकरच्या, सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.